पेढीचे प्रतिक्रमण

कळंब म्हटले की बहुतेकांना यवतमाळ जिल्ह्यातील चिंतामणी गणेशाचे कळंब आठवते, नाही तर धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. परंतु रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातही एक कळंब आहे. मध्य रेल्वेच्या नेरळ स्थानकावर उतरून मुरबाडच्या दिशेने निघाले की ते लागते. सभोवती भातखाचरे, ठाकूर व कातकरी समाजाच्या वाड्या आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस. अशा गावांच्या बाजारपेठा मोठ्या शहरांच्या मानाने लहान. पण मिठापासून बियाण्यापर्यंत आसपासच्या वाड्यापाड्यांची सारी गरज त्याच भागवतात. या पेठांतून पिढ्यान् पिढ्या व्यापार करणारी जैन कुटुंबे घरात मायबोली बोलतात, गल्ल्यावर मराठी बोलतात आणि गावाच्या सुखदुःखात गावकरी म्हणूनच उभी राहतात.

अशाच एका पेढीची ही गोष्ट आहे. पेढी कल्पित आहे आणि तिचे आकडेही विषय समजावा म्हणून घेतलेले आहेत. प्रश्न मात्र खरा आहे आणि आज तो अनेक पेढ्यांच्या उंबरठ्याशी उभा आहे: माणसे टिकत का नाहीत?

पेढी किराणा व भुसार मालाची. पंधरा माणसे कामाला. पाच जण गल्ला, वही आणि गिऱ्हाईक सांभाळणारे, सहा जण गोदामात पोती उतरवणारे व रचणारे, आणि चार जण टेम्पोवर, वाड्यावाड्यांवरच्या दुकानांना माल पोहोचवणारे. एका वर्षात गोदामातले तीन गडी काम सोडून गेले. कर्जत तालुक्यात फार्म हाऊस आणि रिसॉर्ट उभी राहिली आहेत, खोपोलीकडे कारखाने आहेत, नेरळहून लोकल मुंबईला जाते. हाताला काम शोधणाऱ्याला आता एकाच दुकानाची पायरी धरून बसण्याची गरज उरलेली नाही.

बाबूजींचे मत ठरलेले होते. “पैसा जास्त मिळतो तिकडे माणूस जातो. यात विचारायचे काय?” वाणिज्य शाखेची पदवी घेऊन नुकताच गल्ल्यावर बसू लागलेला मुलगा म्हणाला, “बाबूजी, तसे असेल तर गल्ल्यावरचे का गेले नाहीत? आपण एकदा सगळ्यांना विचारून तर पाहू.” बाबूजी हसले. “मालकाने विचारले तर नोकर खरे सांगेल? सगळे म्हणतील, शेठ, सगळे उत्तम आहे.”

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि नीट न विचारल्यास चुकीचे कळते.

माणूस आपल्या कामावर किती समाधानी आहे हे मोजता येईल का, हा प्रश्न फार जुना नाही. अमेरिकेत रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ साली मनोवृत्ती मोजण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात एका टोकाला पूर्ण नकार, दुसऱ्या टोकाला पूर्ण होकार, आणि मध्ये पायऱ्या असतात. आज ठिकठिकाणी दिसणारी एक ते पाच गुणांची प्रश्नावली त्याच पद्धतीची. पुढे १९३५ साली रॉबर्ट हॉपॉक यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यू होप नावाच्या एका छोट्या गावातील कमावत्या माणसांना त्यांच्या कामाविषयी विचारले. बहुसंख्य लोक समाधानी निघाले. परंतु धंद्याप्रमाणे गट पाडल्यावर अकुशल कष्टकऱ्यांचा गट समाधानाच्या क्रमात सर्वांत खाली दिसला. गावाचे एकंदर चित्र एक सांगत होते आणि गावातला एक गट दुसरेच. कळंबच्या पेढीची गोष्ट याच वळणाने जाते.

मालक आणि कामगार यांच्यातील तंटा आकड्यांच्या आधारे सोडवण्याचा एक प्रसंग तर आपल्याच समाजाच्या इतिहासातला आहे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा लढा झाला. गिरणीमालकांचे नेते अंबालाल साराभाई हे प्रतिष्ठित जैन कुटुंबातले, आणि कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. कामगार ५० टक्के वाढ मागत होते, मालक २० टक्क्यांवर अडले होते. गांधीजींनी प्रथम घोषणा दिली नाही. सहकाऱ्यांसह मजुरीची आणि जगण्याच्या खर्चाची माहिती गोळा केली, मुंबईच्या मजुरीशी तुलना केली आणि ३५ टक्के ही मागणी न्याय्य ठरवली. कामगारांना ५० चा आग्रह सोडायला लावला, मग त्या ३५ साठी उपोषण केले. अखेर लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्केच मान्य केले. लढ्याच्या काळातही भाऊबहिणींचा स्नेह तुटला नाही, असे सांगतात. मोजलेल्या सत्यावर उभे राहिले की भांडणातही कटुता कमी राहते, हा त्याचा धडा.

कळंबच्या पेढीवर मोजणीची रीत साधी ठरली. गोदामातल्या काही गड्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून छापील प्रश्नावलीचा उपयोग नव्हता. एका खोलीत पाच डबे ठेवले. पहिल्या डब्यावर अगदी रडवेला चेहरा, पाचव्यावर मनापासून हसणारा, मधल्या तिघांवर क्रमाने बदलत जाणारे चेहरे. रडव्याचा एक गुण, हसऱ्याचे पाच. प्रत्येकाने एकट्याने आत जायचे आणि आपल्याला पटेल त्या डब्यात एक चिंचोका टाकून बाहेर यायचे. गल्ला, गोदाम आणि टेम्पो या तीन गटांसाठी डब्यांचे तीन संच. नाव कोठेच नाही. खोलीबाहेर मालक नाही, मालकाचा मुलगाही नाही. गावातले एक निवृत्त शिक्षक बसले. प्रश्न तेच वाचून दाखवीत आणि डबे तेच उघडीत. पहिला प्रश्न होता, “इथले काम एकंदरीत कसे वाटते?”

गल्ल्यावरच्या पाच जणांनी गुण दिले: ५, ५, ४, ५, ४. टेम्पोवरच्या चौघांनी: ४, ४, ५, ४. गोदामातल्या सहा जणांनी: २, १, २, ४, २, १.

मुलाने बेरीज केली. एकूण गुण ५२, माणसे १५, सरासरी ३.४७. पाचपैकी साडेतीनच्या जवळपास. बाबूजी म्हणाले, “म्हणजे दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण. ठीकच आहे की.”

येथेच बहुतेकांची मोजणी थांबते आणि येथेच चूक होते.

सरासरी ही व्यापाऱ्याला नवी नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र केल्यावर मिश्रणाचा कस किती, अशी उदाहरणे आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर, २२ कॅरेटचे १० तोळे आणि १८ कॅरेटचे ५ तोळे सोने एकत्र आटवले, तर २२० अधिक ९० म्हणजे ३१०. त्याला १५ ने भागले की २०.६७ कॅरेट. ही सरासरी पूर्णपणे खरी असते. कारण मुशीत गेल्यावर सोन्याचा प्रत्येक कण त्याच कसाचा होतो. मिश्रणाचा कोणताही तुकडा कसोटीवर घासा, उत्तर तेच येईल.

माणसे मात्र मुशीत आटत नाहीत. पंधरा जणांचे समाधान एकत्र करून ३.४७ हा आकडा निघतो, पण तो पंधरांपैकी कोणाच्याही अंगी उतरत नाही. गल्ल्यावरच्या मुनीमाचा आनंद गोदामातल्या गड्याच्या दुखऱ्या पाठीत मिसळत नाही. म्हणून माणसांची सरासरी काढल्यावर तिला लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागतो: तू कोणाची?

सांख्यिकीच्या ज्या शाखेत हाती आलेल्या आकड्यांचे नुसते यथार्थ वर्णन करतात, तिला वर्णनात्मक सांख्यिकी म्हणतात. ती भविष्य सांगत नाही की कारणे सिद्ध करत नाही. आरसा जसा असेल तसे दाखवतो, तेवढेच तिचे काम. पण आरसा एकाच बाजूने धरला तर चेहऱ्याची एकच बाजू दिसते. म्हणून तिच्याजवळ एकाहून अधिक मापे असतात.

पहिले आणि सर्वांत सोपे माप म्हणजे नुसती मोजदाद. कोणत्या डब्यात किती चिंचोके पडले? एक गुण देणारे दोघे, दोन गुण देणारे तिघे, तीन देणारा कोणीही नाही, चार देणारे सहा, पाच देणारे चौघे. हा तक्ता पाहताच एक गोष्ट डोळ्यांत भरते: मधला डबा रिकामा आहे. सरासरी तीन आणि चार यांच्या मध्ये पडते, आणि तीनच्या डब्यात एकही चिंचोका नाही. पेढीत एक माणूस ‘बरे आहे’ म्हणणारा नाही. दहा जण सुखी आहेत आणि पाच जण दुःखी आहेत. सरासरीने या दोन टोकांच्या मध्ये एक काल्पनिक माणूस उभा केला आणि त्यालाच सगळ्यांचा प्रतिनिधी म्हणून पुढे केले.

दुसरे माप मध्यक. सर्वांचे गुण चढत्या क्रमाने मांडले आणि बरोबर मधल्या माणसाकडे पाहिले, तर पंधरांतला आठवा माणूस येतो. त्याचे गुण ४. तिसरे माप बहुलक, म्हणजे सर्वांत अधिक वेळा आलेला गुण. तोही ४. एक ते पाच या श्रेणीसाठी मध्यक हे सरासरीहून अधिक प्रामाणिक माप मानतात, कारण चार गुण देणारा माणूस दोन गुण देणाऱ्याच्या दुप्पट सुखी असतो असे काही नाही. हे गुण क्रम सांगतात, किलो-ग्रॅमसारखे वजन सांगत नाहीत. परंतु मध्यक आणि बहुलक यांवरच कोणी विसंबला, तर तो म्हणेल की पेढीतला नमुनेदार माणूस चांगलाच समाधानी आहे. त्यातही पाच जण झाकलेच जातात.

म्हणून चौथे माप हवे, पसरणीचे. सर्वांत मोठा गुण पाच, सर्वांत लहान एक. दोहोंतील अंतर म्हणजे विस्तार, तो चार. पाच गुणांच्या श्रेणीत याहून मोठा विस्तार असूच शकत नाही. अधिक बारकाईने पाहायचे तर प्रमाण विचलन काढतात. प्रत्येकाचा गुण सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचे, त्या अंतराचा वर्ग करायचा, सर्व वर्गांची सरासरी घ्यायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. या पेढीचे प्रमाण विचलन १.४१ आले. पंधराच्या पंधरा माणसांना विचारलेले असल्यामुळे येथे पंधरानेच भागायचे. थोड्यांना विचारून सर्वांविषयी अंदाज बांधायचा असता तर एक कमी करून, चौदाने भागले असते.

१.४१ हा आकडा मोठा की लहान, हे तुलनेशिवाय उमगत नाही. समजा शेजारी दुसरी एक पेढी आहे. तेथेही पंधरा माणसे, त्यांतल्या आठांनी तीन गुण दिले आणि सातांनी चार. बेरीज ५२, सरासरी तीच ३.४७. पण तेथे प्रमाण विचलन निघेल अवघे ०.५०. दुसऱ्या पेढीत सगळेच थोडे नाराज, थोडे खूष. तेथे सर्वांसाठी थोडी सुधारणा पुरेल. पहिल्या पेढीत मात्र एकाच छपराखाली दोन वेगळी जगे आहेत. सरासरी दोन्हीकडे सारखीच असल्याने हा भेद तिच्याकडून कळत नाही. कळतो तो विचलनाकडून. ज्या मालकाने सर्वांना सरसकट दिवाळीला शे-दोनशे रुपये वाढवून दिले, त्याने दुसऱ्या पेढीचे औषध पहिल्या पेढीला दिले.

मुलाने पुढची पायरी घेतली. तिन्ही गटांची सरासरी वेगळी काढली. गल्ला ४.६०, टेम्पो ४.२५, गोदाम २.००. आता झाकलेले काही उरले नाही. पाचही नाराज माणसे गोदामातलीच. तीन गडी सोडून गेले तेही गोदामातलेच. आणि गेलेल्या तिघांचे चिंचोके या डब्यांत नव्हतेच. सर्वेक्षणात जे राहिले त्यांचेच मत येते. जो कंटाळून गेला त्याचे मत त्याच्याबरोबर जाते. म्हणून पेढीवर राहिलेल्यांची सरासरी ही नेहमीच खऱ्या परिस्थितीपेक्षा थोडी बरी दिसते, हे ध्यानात ठेवावे लागते.

“पगार कमी वाटत असेल,” बाबूजी म्हणाले. पण आता त्यांचा आवाज पहिल्याइतका ठाम नव्हता. त्याचेही उत्तर डब्यांत होते. एकंदर समाधानाखेरीज आणखी चार प्रश्न विचारले होते. गोदामाच्या सहा जणांची त्यांवरची सरासरी अशी निघाली: पगार ३.३३, मालकाची वागणूक ३.५०, कामाचा भार १.५०, दुपारच्या जेवणाची वेळ १.६७.

पगाराविषयी तक्रार होती, पण मध्यम. शेठ वाईट आहेत असेही कोणाचे म्हणणे नव्हते. दुखणे होते ते पाठीवरच्या पोत्याचे आणि पोटातल्या भुकेचे.

निवृत्त शिक्षकांनी मग गोदामातल्या गड्यांशी गप्पा मारल्या. आकडा ‘कोठे’ ते दाखवतो, ‘का’ ते माणसाने सांगावे लागते. पूर्वी सहांच्या जागी नऊ गडी होते. तिघे गेले तरी माल तेवढाच येत होता. ट्रक कोणत्याही वेळी येई, आणि आला की उतरवल्याशिवाय सुट्टी नाही. दुपारचा डबा कधी तीनला, कधी चारला उघडे. पावसात चिखलातून पोती वाहताना पाय घसरत. एकाने सांगितले, “शेठचे जेवण कधी चुकत नाही. सूर्य बुडायच्या आत शेठ घरी जातात, ते त्यांचे व्रत आहे, आम्हाला ठाऊक आहे. आमचे जेवण ट्रकच्या हातात आहे.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती; तो जे होते ते सांगत होता. शिक्षकांनी कोण बोलले ते न सांगता बोलणे तेवढे बाबूजींच्या कानावर घातले.

बाबूजी बराच वेळ गप्प राहिले.

श्रावकाच्या बारा व्रतांत पहिले अणुव्रत अहिंसेचे. त्या व्रताचे पाच अतिचार शास्त्रांत सांगितले आहेत: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाण्याला अडथळा करणे. प्रतिक्रमण करणारा श्रावक ते दर वेळी उच्चारतो आणि त्यांबद्दल क्षमा मागतो. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेव्हा बैल येतो, घोडा येतो, गाडीला जुंपलेले मुके जनावर येते. आपल्या दारी बैल नाही, म्हणून चौथा आणि पाचवा अतिचार आपल्याला लागतच नाही, अशी समजूत होते. पण उमास्वाती वाचकांच्या तत्त्वार्थसूत्रापासून चालत आलेली ही यादी जीवाविषयी बोलते, केवळ जनावराविषयी नाही. नऊ जणांचा भार सहांच्या पाठीवर टाकणे हा अतिभार, आणि भुकेल्या माणसाला ट्रक रिकामा होईपर्यंत डबा उघडू न देणे हा अन्नपाननिरोध. कोणी हेतूने केले नाही, म्हणूनच तर त्याला अतिचार म्हणायचे; हेतूने केले असते तर व्रतच मोडले असते. अतिचार म्हणजे व्रताला नकळत लागलेला डाग. नकळत लागलेला डाग दिसण्यासाठी प्रकाश लागतो, आणि कळंबच्या त्या पेढीवर तो प्रकाश पाच डब्यांतल्या चिंचोक्यांनी पाडला.

भाराचा प्रश्न या एका पेढीपुरता नाही. अतिशय जड पोते ही महाराष्ट्रातल्या हमालांची जुनी व्यथा, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत आणि मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेले माथाडी कामगार याच कष्टाच्या न्यायासाठी लढले. १९६९ साली राज्यात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. म्हणजे शास्त्राने ज्याला अतिभार म्हटले, त्याला जगाने पुढे किलोंमध्ये आकडा दिला.

बाबूजींनी तीन गोष्टी केल्या. गोदामात दोन नवे गडी घेतले आणि पोती हलवायला चाकांची हातगाडी आणली. पुरवठादारांना कळवले की ट्रक दुपारी एक ते दोन या वेळेत आला तर दोननंतरच उतरवला जाईल. तो तास जेवणाचा. आणि गोदामाच्या दाराशी पत्र्याची पडवी काढून खाली दगडी फरशी टाकली, म्हणजे पावसात पाय घसरणार नाही आणि डबा उघडायला कोरडी जागा मिळेल. या तिन्हींचा खर्च झाला. मुलाने तो वहीत ‘मजुरी’ या खात्यावर न टाकता वेगळा दाखवला. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “सहा महिन्यांनी पाहायचे आहे की हा खर्च वसूल झाला का.”

सहा महिन्यांनी तेच डबे, तोच प्रश्न, तेच शिक्षक. तुलना सरळ राहावी म्हणून नव्या दोघांना वगळून जुन्या पंधरांनाच विचारले. गल्ला आणि टेम्पो यांचे गुण जसेच्या तसे राहिले. गोदामाचे आले: ४, ३, ३, ४, ३, ३. गोदामाची सरासरी २.०० वरून ३.३३ झाली. पेढीची सरासरी ३.४७ वरून ४.०० वर गेली. पण मुलाने बाबूजींना दाखवला तो दुसराच आकडा. प्रमाण विचलन १.४१ वरून ०.७३ वर उतरले होते. एक आणि दोन गुणांचे डबे रिकामे होते. छपराखालची दोन जगे एकमेकांच्या जवळ सरकली होती.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रसिद्ध प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड, विश्रांतीच्या वेळा बदलून पाहिल्या; आणि त्यांतून एक विचार रूढ झाला की आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे एवढ्यानेही माणसाचे काम आणि मन तात्पुरते सुधारते. त्या निष्कर्षावर पुढे विद्वानांत पुष्कळ वाद झाले. पण शहाण्या मालकाने त्यातून एवढे घ्यावे की पहिल्या सुधारणेने हुरळून जाऊ नये. सुधारणा फरशीमुळे झाली की विचारपूस केल्यामुळे, हे एका मोजणीने कळत नाही. म्हणून वर्षभराने पुन्हा मोजावे. आणि जर नुसत्या विचारपुशीनेही माणसाला बरे वाटत असेल, तर विचारपूस थांबवण्याचे कारण काय?

ज्या पेढ्यांना ही रीत आपल्याकडे करून पाहायची असेल, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. प्रश्न पाच-सहापेक्षा अधिक नसावेत आणि एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी. ‘पगार आणि वागणूक कशी वाटते’ असा जोडप्रश्न विचारला की उत्तर कोणत्या भागाचे ते कळत नाही. गट दोन-तीन माणसांचाच असेल तर त्याचा आकडा वेगळा जाहीर करू नये, कारण मग नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. उत्तर न देणाऱ्यांची संख्या लिहून ठेवावी. मौन हेही उत्तर असते आणि ते बहुधा सुखाचे नसते. सरासरी लिहिली की तिच्याशेजारी मोजदाद आणि विचलन लिहावेच. कोणी कोणता चिंचोका टाकला याचा शोध घेऊ नये. तो घेतला त्या दिवशी पुढच्या सर्व वर्षांची मोजणी खोटी होते. आणि सर्वांत महत्त्वाचे: जे बदलायची तयारी नाही ते विचारू नये. विचारून काहीच न करणे हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण त्यानंतर माणूस खरे सांगणे सोडून देतो.

अनेकांतवाद हा जैन दर्शनाचा गाभा. वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका बाजूने पाहणारा जे सांगतो ते खोटे नसते, अपुरे असते. सरासरी हा एक नय आहे, मध्यक दुसरा, विचलन तिसरा, गटवार तक्ता चौथा. त्यांतला एकच धरून ‘हेच पेढीचे सत्य’ म्हणणे म्हणजे हत्तीची शेपटी धरून दोरखंड म्हणणे. सगळे नय एकत्र मांडले की हत्ती दिसतो, आणि हत्तीच्या पायाशी उभा असलेला गडीही दिसतो.

दिवाळीला व्यापारी वहीपूजन करतो. जमा किती, नावे किती, येणे किती, देणे किती, हे पैसा-पैसा जुळवून पाहतो. संवत्सरीला तोच व्यापारी हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. या दोन दिवसांच्या मध्ये एक वही बहुतेक ठिकाणी उघडायची राहून जाते, ज्यांच्या पाठीवर पेढी उभी आहे त्यांच्या देण्याची. त्या संवत्सरीला कळंबच्या पेढीवर बाबूजींनी घरच्यांची आणि आप्तांची क्षमा मागितल्यावर गोदामाकडे पावले वळवली. सहाही जण पडवीत डबे उघडून बसले होते. बाबूजींनी हात जोडले. एक गडी गडबडून उठू लागला, तेव्हा त्यांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवले आणि म्हणाले, “जेवून घ्या. अजून दोन वाजायचे आहेत.”